उभी गाडी बंद का पडते?

आमच्या बेळगावी टिळकवाडीतील रेल्वे फाटकांची नावे पत्त्यासारखी वापरली जातात. 'पहिल्या गेटजवळ', 'तिसऱ्या गेटपलीकडे' एवढे सांगितले की रिक्षावाल्यास अधिक काही सांगावे लागत नाही. खानापूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की उद्यमबाग लागते. ओतशाळा, लेथची दुकाने, हायड्रॉलिक यंत्रे घडविणारे कारखाने आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या लहानमोठ्या कार्यशाळा अशी ही वसाहत आहे. बेम्को हायड्रॉलिक्स हा येथील कारखाना १९५७ सालचा, तर गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९ सालचे. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ साली बेळगावी झाले. परंतु उद्यमबागेतील लोखंडाचा वास आणि घणाचा आवाज पूर्वीचाच राहिला.

याच उद्यमबागेत जुन्या मोटारी दुरुस्त करणारे काही मेस्त्री अद्याप आहेत. त्यांच्या दारी येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार फार जुनी आणि फार चिवट आहे : "गाडी पळते चांगली, पण उभी केली की बंद पडते." प्रस्तुत लेखकाचा विषय मराठी, यंत्रशास्त्र नव्हे. परंतु एका सहकाऱ्यांच्या निमित्ताने या तक्रारीच्या मुळाशी कसे जावे, याचा धडा मला जवळून पाहावयास मिळाला. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, मग ते बडोद्यास असोत, इंदुरास असोत की हैदराबादेस, वडिलांच्या वेळची एखादी पद्मिनी किंवा मारुती ८०० अजून छपराखाली उभी असेल. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मंद आचेचे गणित

ज्या गृहिणीने रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे, तिला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. स्टोव्हची ज्योत मोठी असता ती वाऱ्याला दाद देत नाही. तीच बारीक केली की दाराच्या फटीतून आलेल्या झुळुकेनेही विझते. इंजिनाचे तसेच आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कार्बोरेटरमधील मुख्य झडप जवळजवळ मिटते. आता इंजिनाला बाहेरून काहीच काम नसते. स्वतःचे घर्षण सोसून फिरत राहणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. यालाच मेस्त्री लोक 'स्लो' किंवा 'आयडलिंग' म्हणतात.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे आणि चार सिलिंडरांचे. स्लोला ते मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. चार-स्ट्रोक पद्धतीत प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला १६०० स्फोट, सेकंदाला सुमारे सत्तावीस. वेगात असताना यांतील चारदोन चुकले तरी गाडीच्या गतीचा रेटा त्यांना सांभाळून घेतो. स्लोला मात्र सांभाळून घेणारे कोणीच नसते. म्हणूनच जी खोड रस्त्यावर दिसत नाही, ती सिग्नलपाशी उघडी पडते.

यातील पेट्रोलचा पुरवठाही निराळ्या वाटेने होतो. गाडी धावत असताना पेट्रोल मुख्य जेटमधून येते. स्लोला ते एका वेगळ्या, अतिशय बारीक वाटेने येते. या स्लो जेटचे छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. गंजाचा एक कण त्यात अडकण्यास पुरेसा आहे. मुख्य वाट मोकळी असल्याने गाडी पळते. धाकटी वाट तुंबल्याने उभी राहिली की मरते. मालक म्हणतो, 'इंजिन तर चांगले आहे'. आणि त्याचे म्हणणे खरेही असते.

एका पद्मिनीची गोष्ट

माझे हे ज्येष्ठ सहकारी निवृत्तीनंतर खानापूर तालुक्यात आपल्या गावी राहतात. त्यांची पद्मिनी १९८८ सालची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० गाड्या निघू लागल्या आणि १९७४ पासून त्यांना पद्मिनी हे नाव मिळाले. नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला. खेड्यापाड्यांतील काही घरांत मात्र ती अजून नांदते आहे.

सरांच्या पत्नीस मूत्रपिंडाचा विकार जडला आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी बेळगावास आणणे भाग पडले. येताना त्या कशाबशा बसून येत. परतताना त्यांना मागच्या आसनावर आडवे करावे लागे. नेमकी त्याच वेळी गाडी प्रत्येक सिग्नलपाशी बंद पडू लागली. मागच्या वाहनांचे भोंगे, पुढे हिरवा झालेला दिवा, थकलेली बॅटरी आणि सत्तरी ओलांडलेला चालक. दोन वेळा रस्त्यावरच्या पोरांनी गाडी ढकलून दिली. एका गॅरेजात कार्बोरेटर बदलून जुन्या बाजारातला दुसरा बसविण्यात आला. दुखणे उलट वाढले. दुसऱ्या ठिकाणी 'इंजिनाचे अर्धे काम करावे लागेल' असे सांगून मोठी रक्कम ऐकविण्यात आली. पुण्यातील चिरंजिवांचे म्हणणे असे की, गाडी भंगारात द्यावी आणि दर खेपेस भाड्याची गाडी करावी. सरांना ते पटेना. अपरात्री पत्नीचा श्वास कोंडला तर भाड्याच्या गाडीची वाट कोठवर पाहणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते.

अशा स्थितीत ते उद्यमबागेतील एका वयस्क मेस्त्रींकडे आले. मीही बरोबर होतो.

मेस्त्रींनी बॉनेट उघडले नाही. आधी सरांना बसावयास स्टूल दिले आणि विचारले, "सर, कुठं बंद पडते ते नको मला. कधी बंद पडते ते सांगा." सकाळी थंड असताना की गरम झाल्यावर? ब्रेक दाबताना की नुसती उभी असताना? दिवे लावले की? पुन्हा सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो की नाही? काळा धूर येतो का? उत्तरे अशी निघाली : सकाळी चोक ओढला असता गाडी उत्तम चालते, गरम होऊन चोक आत ढकलला की स्लोला मरते, किंचित अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुन्हा सुरू होते, धूर नाही.

एवढ्यावरूनच त्यांचा कल ठरला होता, हे पुढे ध्यानात आले. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. जी गाडी चोकवर जगते आणि चोकवाचून मरते, तिला पेट्रोल कमी पडते आहे किंवा नको तेथून हवा मिळते आहे. परंतु कल ठरला म्हणून मेस्त्रींनी उडी घेतली नाही. "बदलायचं मागाहून. आधी बघायचं," असे म्हणत ते क्रमाने निघाले.

आधी दाब, मग ठिणगी, शेवटी कार्बोरेटर

हा क्रम वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. बहुधा लोक उलट्या टोकाकडून आरंभ करतात. कार्बोरेटरचे स्क्रू समोर दिसतात म्हणून आधी तेच पिळतात.

प्रथम चारही प्लग काढून मेस्त्रींनी प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजला. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. याचा अर्थ झडपा नीट बसत आहेत, रिंगा शाबूत आहेत आणि इंजिन उघडण्याचे कारण नाही. एखादाच आकडा फार खाली आला असता, तर टॅपेट घट्ट झाल्याने झडप पुरती मिटत नाही काय, हे आधी पाहिले असते. दहा मिनिटांच्या या मोजणीने सरांचा मोठा खर्च टळला.

काढलेल्या प्लगांची टोके त्यांनी उजेडात धरून वाचली. 'वाचली' हाच शब्द योग्य. टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल अधिक. पांढुरके असेल तर पेट्रोल कमी. तेलाने ओले असेल तर इंजिन तेल पिते आहे. फिक्कट तपकिरी असेल तर सारे ठीक. येथे चारही प्लग पांढुरके होते.

नंतर ठिणगी. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट झिजले वा त्यांतील अंतर बिघडले, कंडेन्सर कमजोर झाला किंवा टायमिंग मागे सरकले, तर स्लोवर त्याचा परिणाम प्रथम दिसतो. मेस्त्रींनी पॉइंट घासून अंतर फीलर गेजने लावले, डिस्ट्रिब्युटरचा दांडा डावी-उजवीकडे हलवून त्यात ढिलेपणा नाही याची खात्री केली आणि टायमिंग तपासले. सारे बरोबर होते.

मग त्यांनी निर्वात मोजणारे घड्याळ इंजिनाच्या हवानळीस जोडले. झडप मिटलेली असताना दट्टे हवा ओढू पाहतात. त्यामुळे नळीत पोकळी निर्माण होते. निरोगी इंजिनात ही पोकळी समुद्रसपाटीवर साधारण १८ ते २१ इंच पाऱ्याइतकी असते आणि काटा स्थिर असतो. मात्र दर हजार फूट उंचीमागे हा आकडा सुमारे एक इंच उतरतो. बेळगाव सुमारे २५०० फुटांवर आहे. तेव्हा येथे १६ ते १८ आले की समाधान मानावे. बडोदे जवळजवळ समुद्रसपाटीवर, इंदूर सुमारे १८०० फुटांवर, बेंगळुरू सुमारे ३००० फुटांवर. वाचकांनी आपापल्या गावाचा हिशेब करावा. सरांच्या गाडीचा काटा स्थिर होता, पण १३ वर. काटा ठरावीक अंतराने खाली झटके घेत असेल तर एखादी झडप गळते आहे असे समजावे; स्थिर राहून खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कोठून तरी हवा शिरते आहे. टायमिंग तर आताच पाहिले होते. उरली हवा.

चोर सापडला

आता मेस्त्रींनी चालू इंजिनावर चोक हाताने किंचित ओढला. अडखळणारे इंजिन एकदम सुरात चालू लागले. ही परीक्षा कोणीही घरी करून पाहावी. चोक थोडा ओढल्याने इंजिन सुधारले तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. उलट ते गुदमरून बंद पडू लागले तर पेट्रोल आधीच अधिक आहे आणि दोष फ्लोट, त्याची सुई किंवा गळका जेट यांत शोधावा.

मग तेलाच्या कुपीतून कार्बोरेटरच्या बुडाशी, जोडावर, त्यांनी थेंब थेंब तेल सोडले. मागच्या बाजूस येताच इंजिनाचा आवाज पालटला. तेलाने फट क्षणभर बुजली होती. "हे बघा सर, हितनं हवा खातंय की!" मेस्त्री म्हणाले. काही जण या परीक्षेसाठी पेट्रोल शिंपडतात. शेजारी तापलेली धुराची नळी असताना असे करणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. ते कोणीही करू नये. साबणाच्या पाण्यानेही काम भागते.

कार्बोरेटर उतरविल्यावर खरा प्रकार दिसला. त्याचे बूड नटांनी वाजवीपेक्षा अधिक आवळल्याने धनुष्यासारखे किंचित वाकले होते आणि फट बुजविण्यासाठी कोणी तरी एकावर एक दोन पॅकिंगे घातली होती. शिवाय झडपेचा आडवा दांडा त्याच्या भोकात खुळखुळत होता. तेथूनही हवा शिरत होती. कार्बोरेटर बदलूनही दुखणे का वाढले, याचा उलगडा झाला. बदली आलेला कार्बोरेटर मूळच्यापेक्षा अधिक झिजलेला होता.

येथे उद्यमबागेचे वैशिष्ट्य कामी आले. अन्य गावी या अवस्थेतील कार्बोरेटर फेकून दिला असता आणि आता नवा कोठे मिळतो? मेस्त्री तो घेऊन गल्लीतल्या एका यंत्रशाळेत गेले. तेथे सरफेस प्लेटवर एमरी कागद ठेवून बूड सपाट होईतो घासण्यात आले. दांड्यासाठी लेथवर ब्राँझचे बारीक बुश कातून, भोक रीमरने साफ करून बसविण्यात आले. जेट हवेच्या झोताने स्वच्छ केले; तार घातली नाही, कारण तारेने छिद्र मोठे होते. नवे पॅकिंग एकच, आणि नट आळीपाळीने, समान, हलक्या हाताने. काटा १६ वर आला.

शेवटी स्क्रू. मिश्रणाचा स्क्रू अलगद शेवटपर्यंत बसवून, दीड फेरा उघडून, इंजिन गरम असताना ते सर्वांत सुरेल चालेल तेथे ठेवावा. मग वेगाचा स्क्रू कमी करून योग्य गती आणावी. स्क्रू जोराने आवळू नये, त्याचे टोक खचते. आणि तो फिरवूनही इंजिनात काहीच फरक पडत नसेल, तर स्लोची वाट तुंबली आहे किंवा पेट्रोल दुसरीकडून येत आहे, हे निश्चित समजावे.

साऱ्या कामाचे मोल एका नव्या टायरच्या किमतीहून कमी भरले. पुढच्या खेपेस मी गाडीत होतो. चौकात दिवा लाल झाला, गाडी उभी राहिली आणि इंजिन चालत राहिले. मागे बाई झोपल्या होत्या; त्यांना जाग आली नाही.

उसाचा नवा पाहुणा

जुन्या गाड्यांना अलीकडे एक नवे पथ्य लागू झाले आहे. आमच्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात ऊस उदंड. त्याच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल निघते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. हे मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचल्याचे शासनाने २०२५ साली जाहीर केले. ऊसकऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता. परंतु १९८८ सालच्या गाडीने हे इंधन कधी पाहिलेले नव्हते. एक भाग पेट्रोल जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरतात. म्हणजे त्याच जेटमधून मिश्र इंधन आले की ते हवेच्या मानाने कमी पडते आणि स्लो कमजोर होतो. त्यातच इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा खराब करते, पाणी शोषते आणि टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा मळ सोडवून जेटपर्यंत आणते. उपाय अवघड नाहीत : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदा बसवावा, फिल्टर लावून तो वरचेवर पाहावा, मिश्रणाचा स्क्रू थोडा उघडावा आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

ज्यांच्या गाडीस कार्बोरेटर नाही, इंधन फवारणीची पद्धत आहे, त्यांनीही विचाराचा हाच क्रम ठेवावा. तेथे झडपेच्या घरात काजळी साठते, स्लोची हवा राखणारा छोटा व्हॉल्व्ह अडकतो किंवा एखादी रबरी नळी चिरते. काही कार्बोरेटरच्या गाड्यांत स्लोच्या वाटेवर विजेवर चालणारी झडप असते. तिची तार सुटली तरी गाडी पळते आणि उभी राहताच मरते. तेव्हा नवे भाग विकत घेण्यापूर्वी सुटलेली तार शोधावी.

चार सावधगिरीच्या गोष्टी

परीक्षा करताना गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. बंद गॅरेजात चालू इंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि पदर, उपरणे वा सैल बाही पंख्यापासून दूर असावी. तवंदीचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरताना अशी गाडी नेऊच नये. ज्या गाड्यांच्या ब्रेकला इंजिनाच्या पोकळीचे साहाय्य असते, त्यांचा ब्रेक इंजिन बंद पडल्यावर दोनचार दाबांनंतर दगडासारखा जड होतो.

प्रदूषण तपासणीही स्लोलाच होते. भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल मोटारींस धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालते. गाडी बंद पडू नये म्हणून स्लो वाढवून मिश्रण दाट करून ठेवणारे या तपासणीत अडकतात आणि पेट्रोलही अकारण जाळतात. तो उपाय नव्हे. तापावर पांघरूण घालण्यासारखे आहे.

शाळेत एखादे मूल फळ्यापुढे उभे केले की गप्प होते. त्याला आपण 'ढ' ठरवून मोकळे होतो. त्याला फळा दिसतो का, ऐकू येते का, सकाळी काही खाऊन आले आहे का, हे विचारण्याचे राहून जाते. तीस वर्षांच्या नोकरीत असे प्रश्न विचारणारे शिक्षक मला थोडे भेटले आणि मेस्त्रीही थोडेच. वाचकांनी आपल्या गावी असा मेस्त्री शोधावा. तो किती पैसे सांगतो याआधी तो काय काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे. एक वही घालून त्यात गाडी केव्हा, कशी बंद पडली आणि कोणता भाग केव्हा बदलला हे लिहून ठेवावे; आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून फरक पाहावा. सरांनी अशी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर डायलिसिसच्या तारखा आहेत, दुसऱ्यावर पॉइंट बदलल्याची तारीख.